आभाराच्या यादीत नाव नव्हतं तेव्हा

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न मी शांतपणे पुन्हा पुन्हा वाचला. इतरांना संदर्भ कळावा म्हणून तो आधी थोडक्यात मांडते. घरी सासूबाई चार वर्षांपासून पक्षाघाताने अंथरुणाला खिळल्या आहेत आणि त्यांचं सगळं तुम्ही करता. दीर पुण्याहून नाताळात येतात, केक आणतात, आईच्या उशाशी बसून फोटो काढतात आणि नातेवाइकांत नाव त्यांचं होतं. चर्चमध्ये उपासनेआधी झाडलोट, फुलं, प्रभुभोजनाचे (भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीचे) पेले मांडणं आणि उपासना सुटल्यावर ते धुऊन-पुसून कपाटात ठेवणं, हेही तुमच्याकडेच. यंदा उपकारस्तुतीच्या उपासनेत सेवकांची यादी वाचली, शाली दिल्या. तुमचं नाव नव्हतं. त्या रात्री तुम्हाला रडू आलं आणि मग रडू आल्याचीच लाज वाटली. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. वाईट वाटलं म्हणजे माझी सेवा खोटी होती का? देव हे खरोखर बघतो, की ती आपणच आपली घालून घेतलेली समजूत? आणि चर्चचं काम सोडलं तर ते पाप होईल का?

मी आयुष्यभर मिशन हॉस्पिटलात नर्सिंग केलं. निवृत्त झाल्यापासून मंडळीच्या वतीने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाते, घरच्यांना कूस कशी बदलायची, चादर कशी बदलायची ते शिकवते आणि बहुतेक वेळा त्यांचं बोलणं ऐकते. हे उत्तर त्या कामातून आलेलं आहे. शास्त्राचा आधार घेईन, कारण माझा तोच आधार आहे.

एक आधीच सांगते. बरंच काही तुमच्या घरच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती मला पूर्ण ठाऊक नाही. हे काम तुम्ही आपण होऊन अंगावर घेतलंत, की सून म्हणून ते तुमच्यावर पडलं? नवरा शिफ्टवरून आल्यावर हात लावतो का? तुमची स्वतःची तब्येत कशी आहे? घरात कोणी हात उगारत असेल, पोटभर जेवू देत नसेल, पैसे हातात देत नसेल, तर पुढचं काहीही तुमच्यासाठी नाही. तिथे प्रश्न सेवेचा नसतो, सुरक्षिततेचा असतो, आणि आधी तिथून बाहेर पडायचं असतं. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही, म्हणून पुढे लिहिते.

आता वाईट वाटण्याबद्दल. लूकच्या १७ व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि एकच परत येऊन उपकार मानतो. तेव्हा येशू विचारतो, दहाही शुद्ध झाले ना, मग बाकीचे नऊ कुठे आहेत? तो प्रश्न देवाचा गौरव न करणाऱ्यांबद्दल आहे हे खरं, पण तो मोठ्याने विचारला गेला हेही खरं. नऊजण परतले नाहीत हे येशूच्या लक्षात आलं आणि त्याने ते बोलून दाखवलं. त्या नऊ जणांचं बरं होणं मात्र त्याने परत घेतलं नाही. तुमच्या मनात त्या रात्री जे झालं ते मला या प्रश्नाच्या जवळचं वाटतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही सासूबाईंचं तोंड धुतलंत, चहा पाजलात. दुखावलेल्या मनाने का होईना, दिलेलं तुम्ही परत घेतलं नाही. मग सेवा खोटी कशी?

तुम्ही मत्तयाच्या सहाव्या अध्यायाचा उल्लेख केलाय, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, तो. हे वचन आपल्या बायकांना इतक्या वेळा ऐकवलं जातं की ते मूळचं कोणाला उद्देशून आहे ते आपण विसरलो. येशू तिथे चौकात उभं राहून, पुढे कर्णा वाजवून दान करणाऱ्यांबद्दल बोलतोय. आज्ञा देणाऱ्याला आहे, की मिरवू नकोस. बघणाऱ्यांना ती आज्ञा नाही. 'कोणी गुप्तपणे काही करत असेल तर तिच्याकडे बघू नका, तिचं नाव घेऊ नका, तिला मदत करू नका' असं येशूने कुठेही सांगितलेलं नाही. उलट हाच येशू मंदिरातल्या दानपेटीसमोर बसून कोण काय टाकतं ते बघत राहतो. एक विधवा दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकते, तेव्हा तो शिष्यांना मुद्दाम जवळ बोलावून तिच्याकडे त्यांचं लक्ष वेधतो. ती मिरवली नाही आणि त्याने तिला नजरेआड होऊ दिलं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच गुरूने शिकवल्या. आपल्या मंडळ्यांनी पहिली पाठ केली आणि दुसरी वाचून सोडून दिली, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा बघितलं जावं असं वाटणं पाप नाही. ते वाटणं तुमच्या कामाचं सुकाणू झालं, म्हणजे कोणी बघत नसताना काम बिघडायला लागलं, तर काळजी करायची. तुमच्या बाबतीत तसं झालेलं नाही हे मी कशावरून म्हणते, ते आता सांगते.

तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय, की चार वर्षांत सासूबाईंना अंगाला एकही जखम झाली नाही. लिहून लगेच पुढच्या विषयाला गेलात. मी नर्स आहे, मी त्या वाक्यावरच थांबले. ज्या माणसाला स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्याच्या माकडहाडावर, कमरेच्या हाडांवर, टाचांवर सतत दाब पडून काही तासांतही कातडी खालून मरायला लागते. आधी फक्त लाल डाग दिसतो. तो दाबून पाहिला आणि पांढरा पडला नाही, तर जखम सुरू झाली असं समजायचं. पुढे कातडी फाटते आणि मग हाडापर्यंत खड्डा पडायला वेळ लागत नाही. हे होऊ नये म्हणून दिवसरात्र साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, चादरीला सुरकुती राहू द्यायची नसते, लघवी झाली की लगेच कोरडं करावं लागतं, टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी द्यावी लागते. हे एक दिवस करणं अवघड नाही. चार वर्षं करणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. भरपूर स्टाफ असलेल्या वॉर्डातही अशा जखमा होतात. त्यांना घास भरवताना ठसका लागून छातीत पाणी गेलं नाही, न्यूमोनिया झाला नाही, हेही त्यातच आलं. म्हणजे तुम्ही त्यांना टेकवून, ताठ बसवून, घाई न करता भरवता.

या कामाची अडचणच अशी आहे की त्याचं फळ म्हणजे काहीतरी न घडणं. जखम झाली असती तर नातेवाइकांनी ती पाहिली असती, चार प्रश्न विचारले असते. झाली नाही, म्हणून बघण्यासारखं काही उरलंच नाही. स्वच्छ चर्चचंही तेच. पेल्यावर डाग असता तर दहा जणांनी बोलून दाखवलं असतं. सर्जनने केलेलं ऑपरेशन दिसतं, त्याला टाके असतात, म्हणून डिस्चार्जच्या दिवशी पेढ्यांचा पुडा त्याच्या केबिनमध्ये जातो. त्यात सर्जनचा दोष नाही आणि पेढे देणाऱ्याचाही नाही. पण दीर घरी येऊन 'आई किती छान दिसते' म्हणतात, तेव्हा ते तुमच्याच कामाकडे बघत असतात आणि त्यांना ते काम म्हणून दिसत नाही.

आमच्या वॉर्डात एक आयाबाई होत्या. थंडीच्या दिवसांत बेडपॅन देण्याआधी त्या तो गरम पाण्याने धुऊन, पुसून कोमट करून आणायच्या. नियमात तसं काही नव्हतं आणि कोणी शिकवलंही नव्हतं. बेशुद्ध पेशंटला पुसतानाही बोलायच्या, 'आजी, आता पाठीला पाणी लावते हं, दचकू नका.' मी त्यांना एकदा विचारलं, की आजींना काही कळत नाही, मग रोज का सांगता? त्या म्हणाल्या, 'कळत असलं तर? उघड्या अंगाला कोणी न सांगता हात लावला तर लाज नाही का वाटणार?' (नर्सिंगमध्येही हेच शिकवतात. ऐकू येत असेल असं धरूनच बोलायचं. पण त्या बाई नर्सिंग शिकलेल्या नव्हत्या.) सेवेला ख्रिस्ती अर्थ कुठून येतो असं कोणी मला विचारलं, तर मी याच उत्तरापासून सुरुवात करते. त्या बाईंचं लक्ष स्वतःच्या पुण्याकडे नव्हतं, देव बघतोय का याकडेही नव्हतं. आजींच्या लाजेकडे होतं.

यावरून मत्तयाच्या २५ व्या अध्यायाकडे येते. 'मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिले' हा भाग आपल्या सगळ्यांना पाठ असतो. त्यावरून उपदेशात सांगतात, रुग्णामध्ये येशू बघा. हा सल्ला मी सहसा देत नाही, आणि का ते सांगते. त्या गोष्टीतल्या नीतिमान लोकांनी भुकेल्यात येशूला पाहिलंच नव्हतं. ते चकित होऊन विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी भुकेला पाहिलं? त्यांनी भुकेलं माणूस पाहिलं आणि त्याला जेवायला दिलं, इतकंच. तो येशू होता हे त्यांना शेवटी कळलं. सासूबाईंच्या जागी येशूची कल्पना करून त्यांना भरवायला गेलात तर दोन गोष्टी होतील. त्या चिडतील, शिव्या देतील, तेव्हा तुम्हाला येशू दिसणार नाही आणि अपराधी वाटेल. शिवाय सासूबाई स्वतः, त्यांचं नाव, त्यांच्या आवडीची भाजी, त्यांचा जुना स्वभाव, हे सगळं बाजूला पडेल. त्यांना त्याच म्हणून बघा. बाकीचं प्रभूने स्वतःकडे घेतलेलं आहे.

देव खरंच बघतो का, या प्रश्नाचं उत्तर देताना मला येशूच्या नासरेथमधल्या वर्षांची आठवण होते. लूक सांगतो, की त्याने कार्य सुरू केलं तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. बाराव्या वर्षी तो यरुशलेमच्या मंदिरात सापडला तो प्रसंग सोडला, तर लहानपणापासून तिथपर्यंतच्या काळाबद्दल शुभवर्तमानांत जवळजवळ काही नाही. मार्कच्या शुभवर्तमानात गावचे लोक त्याला सुतार म्हणतात. म्हणजे आयुष्याचा बहुतेक भाग त्याने गावात काम करण्यात आणि घर सांभाळण्यात घालवला, आणि तो कोणी लिहून ठेवला नाही. मग यार्देन नदीत बाप्तिस्मा होतो आणि आकाशातून वाणी येते, की तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. ही वाणी कधी आली ते बघा. मार्कच्या शुभवर्तमानात तोवर एकही चमत्कार झालेला नाही, एकही उपदेश झालेला नाही, एकही शिष्य नाही. पिता संतुष्ट होता तो कशावर? माझ्या वाचनाप्रमाणे तो पुत्रावरच संतुष्ट होता, आणि पुत्राची तोवरची सगळी वर्षं त्यात होती, ज्यांची नोंद कुठल्याही यादीत नव्हती ती. तुमच्या प्रश्नावर माझ्याकडे याहून भक्कम उत्तर नाही. देव बघतो याचा पुरावा मी तुम्हाला देऊ शकत नाही. पण ज्याला आपण प्रभू म्हणतो त्याने आयुष्याचा मोठा भाग असाच, नोंदीबाहेर जगला, आणि त्यावर पित्याची पसंती उघडपणे बोलली गेली, हे मी खात्रीने सांगू शकते.

आपल्या मराठी मंडळीचा इतिहासही असाच आहे. केडगावच्या मुक्ती सदनाचं नाव निघालं की पंडिता रमाबाईंचं नाव येतं, आणि ते यायलाच हवं. १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळात त्यांनी मुली-बायका वाचवून आणल्या तेव्हा तिथे हजाराहून जास्त जणी होत्या. अंध मुलींसाठी बार्तीमी सदन होतं, म्हाताऱ्या आणि अपंग बायकांसाठी प्रीती सदन होतं. आता विचार करा, इतक्या जणींसाठी रोज दळण कोणी दळलं असेल? खरूज झालेल्या पोरींची डोकी कोणी धुतली असतील? रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात छापलं गेलं, आणि खिळे जुळवणारे हात तिथल्याच मुलींचे होते. त्यांतल्या किती जणींची नावं आपल्याला सांगता येतील? मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये हॉस्पिटल उभं केलं. तिथे आणि इतर मिशन हॉस्पिटलांत ज्या काळात दुसऱ्याची घाण काढणं विटाळाचं मानलं जाई, त्या काळात आपल्या मुली नर्स झाल्या. लोक या कामाला हलकं म्हणत. मी त्याच वाटेने आले.

जामखेडचं उदाहरण मला अधिक जवळचं वाटतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं. त्यांनी गावच्याच बायकांना आरोग्य सेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, दलित घरांतल्या होत्या. बाळंतपण, जुलाबात पाजायचं मीठ-साखरेचं पाणी, मुलांचं वजन, ही कामं त्यांच्या हाती आली. आरोळ्यांना १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो योग्यच. पण मला त्यांचं मोठेपण वेगळ्या ठिकाणी दिसतं. ज्या बाईला गावात कोणी विचारत नव्हतं तिच्या हाती त्यांनी ज्ञान दिलं, आणि तिच्या कामावर अख्खं काम उभं केलं. त्यांनी 'तुझं बक्षीस स्वर्गात आहे' म्हणून तिला जिथल्या तिथे ठेवलं नाही.

इथून मला तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूकडे वळायचं आहे. ती तुम्ही विचारलेली नाही. मला मात्र ती जास्त महत्त्वाची वाटते. शालीच्या दुःखाखाली तुमच्या लिहिण्यात दोन गोष्टी दबलेल्या आहेत. तुम्हाला मदत नाही आणि तुम्हाला सोबत नाही. बघितलं जाणं, मदत मिळणं आणि सोबत असणं या तीन वेगळ्या गरजा आहेत. आपण तिन्हींचं मिळून एकच गाठोडं करतो, त्याला 'मान' म्हणतो, आणि मग मानाचा हव्यास वाईट म्हणून ते गाठोडंच फेकून देतो. त्यात मदत आणि सोबतही जाते.

काही वचनं यासाठी हत्यारासारखी वापरली जातात. कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात म्हटलंय, की जे काही करता ते माणसांसाठी म्हणून नाही, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. सुंदर वचन आहे, आणि मी स्वतः रात्रपाळीत त्यावर टिकले. पण पौल ते दासांना उद्देशून लिहितो, आणि काही ओळींनंतर, चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात, धन्यांना सांगतो, की दासांशी न्यायाने आणि समतेने वागा, तुमचाही धनी स्वर्गात आहे. पहिलं वचन सुनेला ऐकवायचं आणि दुसरं घरच्या बाकीच्यांना ऐकवायचं नाही, हे पवित्र शास्त्र अर्धंच उघडणं आहे. पाय धुण्याच्या प्रसंगाचंही तसंच. योहानाच्या १३ व्या अध्यायात येशू सांगतो, तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा. एकमेकांचे. एकीनेच सगळ्यांचे असं तो म्हणत नाही. आणि त्याआधीच्याच अध्यायात बेथानीला मरीयेने त्याच्या पायांना सुगंधी तेल लावलं तेव्हा त्याने पाय मागे घेतले नाहीत. ज्या घरात, ज्या मंडळीत सेवा एकाच दिशेने वाहते, तिथे ही आज्ञा पाळली जात नाहीये. आज्ञाभंग तुमच्याकडून होत नाहीये, बाकीच्यांकडून होतोय.

थकव्याबद्दल मी कडक बोलणार आहे. तुम्ही लिहिलंय की रात्री सलग झोप मिळून कितीतरी महिने झाले. माझ्या अनुभवात काळजी घेणारी व्यक्ती थकली की आधी तिच्या हाताला कळतं. कूस बदलताना हात कडक पडतो, ओढल्यासारखं होतं, टॉवेल जोरात फिरतो. मग आवाज चढतो. मग ती स्वतःला दुष्ट समजायला लागते आणि प्रार्थनेत क्षमा मागते. अशा बाईला मी क्षमेबद्दल काही सांगत नाही, झोपायला सांगते. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खायला दिलं आणि सांगितलं, की तुला मजल लांबची आहे. १ राजे १९ वाचा. तो अध्याय काळजी घेणाऱ्यांसाठी आहे असं मला नेहमी वाटतं.

आता करायचं काय. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावललं जात होतं. तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी 'देव बघतोय, सहन करा' असं उत्तर दिलं नाही. सभा बोलावली, सात माणसं नेमली, व्यवस्था बदलली. म्हणून तुम्ही पाळकसाहेबांकडे किंवा पाळकबाईंकडे जा, आणि शालीचा विषय काढू नका. तो काढलात तर पुढच्या वर्षी शाल मिळेल आणि बाकी काही बदलणार नाही. दोन ठोस गोष्टी मागा. पहिली, प्रभुभोजनाच्या तयारीची पाळी लावा, महिला मंडळातल्या आणि तरुण संघातल्याही चारपाच जणांत. (तरुण मुलांना पेले धुता येतात. मी त्यांना धुताना पाहिलंय, छान धुतात.) दुसरी, आठवड्यातून एक दुपार मंडळीतलं कोणीतरी सासूबाईंजवळ बसायला येईल अशी सोय करा. येणारीला भरवायला किंवा उचलायला सांगू नका, ते शिकल्याशिवाय करायचं नसतं. नुसतं बसायचं, हाक मारली तर ओ द्यायची, गरज पडली तर तुम्हाला उठवायचं. तेवढ्यात तुम्ही शेजारच्या खोलीत झोपा. धुणं काढू नका, झोपाच.

दिरांशी बोलणं जास्त अवघड आहे. 'तुम्ही काही करत नाही' अशी सुरुवात केलीत तर भांडण होईल आणि सासूबाई ते ऐकतील. आकड्यांत आणि तारखांत मागा. महिन्यातून एक शनिवार-रविवार येऊन राहायचं आणि रात्र सांभाळायची. डायपर, औषधं आणि हवेच्या गादीच्या खर्चातला ठरलेला हिस्सा दर महिन्याला पाठवायचा. शक्यतो हे नवऱ्याने बोलावं, कारण आई त्यांची दोघांची आहे. पहिल्यांदा दीर रात्रभर थांबतील तेव्हा कूस कशी बदलायची ते त्यांना शेजारी उभं करून दाखवा. माझा अनुभव असा, की ज्याने एक रात्र स्वतः काढली त्याला पुढे काही समजावून सांगावं लागत नाही. सगळेच बदलतात असं मी म्हणत नाही. काहीजण पैसे पाठवतात आणि येत नाहीत. तेही घ्या. त्या पैशांत दिवसाचे काही तास मदतीला बाई ठेवता येईल.

प्रार्थनेबद्दल तुम्ही लिहिलंय, की हल्ली शब्द सुचत नाहीत. सुचायला हवेत असं नाही. मी घरोघरी सांगते ते इतकंच आहे. रात्री अंग टाकलं की आज काय काय केलं ते प्रभूला नुसतं सांगायचं. दर दोन तासांनी कूस बदलली. भात भरवला, अर्धा थुंकला. चादर धुतली. मला राग आला. त्याला जोडून उपकार मानलेच पाहिजेत, गोड शेवट केलाच पाहिजे, असं नाही. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच 'हे परमेश्वरा, कुठवर?' अशी आहे आणि ते आपल्या शास्त्रात आहे. यातून एक गोष्ट हळूहळू होते. जे काम कोणी बघत नाही ते तुम्ही स्वतः बघायला लागता. आजवर तुम्हीही ते मोजलेलं नाही. नाहीतर चार वर्षांत एकही जखम नाही, हे वाक्य तुम्ही असं जाता जाता लिहिलं नसतं.

राहिला चर्चचं काम सोडण्याचा प्रश्न. मंडळीने पाळी लावली, तर तुमच्या पाळीच्या दिवशी जा, आणि इतर रविवारी शेवटच्या बाकावर बसून प्रभुभोजन घ्या, कोणीतरी दुसऱ्याने मांडलेलं. दोन महिने वाट बघूनही काहीच हललं नाही, तर तारीख सांगून काम सोडा. रागाने नको, न सांगताही नको. चिठ्ठीवर लिहून द्या, की अमुक रविवारपासून घरच्या आजारपणामुळे मला जमणार नाही, कपाटाची किल्ली सोबत देत आहे. यात पाप नाही. ते पेले धुणारे हात मंडळीत आणखी शंभर आहेत, आणि किल्ली आली की त्यांतले काही पुढे येतील. सासूबाईंची कूस बदलणारे हात सध्या फक्त दोनच आहेत, म्हणून दोन्हींपैकी एक सोडायची वेळ आली तर चर्चचं सोडा. हे मी चर्चवर प्रेम करणारी बाई म्हणून सांगते आहे. पाळकांनी विचारलं तर माझं हे उत्तर त्यांना वाचायला द्या.